सर्वे नंबर ४५६६९ च्या शोधात

मोठ्या बांधकामावर डेटा ॲनालिस्ट म्हणून नव्याने रुजू झालेल्या मित्रांनो, तुमचे अभिनंदन. आजकाल साइटवर खडीचा पहिला ट्रक येण्याआधी डॅशबोर्ड येतो आणि तो आणण्याचा मान तुमचा आहे. बेळगाव भागातील एका रस्त्याच्या कामावर काही वर्षे आकडे चाळल्यावर, आणि विशेषतः गेल्या सोमवारच्या आढावा बैठकीनंतर, माझ्यापाशी जे शहाणपण साठले आहे ते तुमच्या पदरात टाकून मी मोकळा होणार आहे.

साइटवर जाऊ नका. गेलात तर काम किती झाले आहे ते दिसते आणि मग अहवाल लिहिणे अवघड होते.

दैनिक प्रगती अहवाल रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येतो. वहीच्या पानाचा तो तिरका फोटो असतो, त्यात चेनेजचे, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराचे, आकडे खोडलेले असतात आणि एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला असतो. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या साइट इंजिनिअरला फोन करून त्रास देण्यापेक्षा तीनचा आठ वाचावा. प्रगतीही वाढते आणि संबंधही टिकतात.

काँक्रीटच्या क्यूबकडे श्रद्धेने पाहायला शिका. दीडशे मिलिमीटरचा हा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचा असतो. वीस मे रोजी ओतलेल्या काँक्रीटचा २८ दिवसांचा निकाल पाच जूनलाच नोंदलेला आढळला, तर दचकू नका. सिमेंटही आता आढावा बैठकीची तारीख पाहून घट्ट होते.

पावसाची नेहमी सरासरी काढावी. जांबोटी-कणकुंबीकडे जून लागला की मातीकाम थांबते आणि अथणीकडे लोक आभाळाकडे बघत बसतात. दोन्हींची बेरीज करून दोनने भागले की कुठेच न पडणारा एक सोयीचा पाऊस हाती लागतो आणि त्यावर वर्षभराचे वेळापत्रक बिनघोर बसवता येते.

गावांच्या नावांचे तर विचारूच नका. बेळगाव हे सरकारदरबारी बेळगावी झाले त्याला १ नोव्हेंबर २०१४ पासून इतकी वर्षे लोटली, तरी आमच्या एका फाइलमध्ये बेळगाव, बेलगाम आणि बेळगावी हे तीनही अवतार सुखाने नांदतात आणि यळ्ळूरचे इंग्रजी स्पेलिंग ज्याच्या हाताला जसे वळण तसे पडते. गावाचे नाव कसे लिहावे यावर सीमाभागात पिढ्या भांडल्या. एक्सेलने सर्वांना न्याय दिला आणि प्रत्येक स्पेलिंगला एक स्वतंत्र गाव बहाल केले.

आता मुख्य धडा, भूसंपादनाची यादी. सर्वे नंबर १२, हिस्सा १ हे ‘१२/१’ असे टाइप करून एंटर दाबले की एक्सेलला ती बारा जानेवारी वाटते. पुढे कोणीतरी कॉलम ‘नीटनेटका’ करण्यासाठी त्याचा फॉरमॅट बदलतो आणि तिथे ४५६६९ उमटते, कारण एक्सेल तारीख म्हणजे १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवते आणि आमची यादी २०२५ मध्ये टाइप झाली होती. (याच खोडीपायी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावेच बदलून टाकली. आपल्याकडे शेताचे नंबर बदलण्याची सोय नाही.) सोमवारी पडद्यावर तो नंबर झळकला. साहेबांनी तो कोणत्या गावात येतो असे विचारले, तेव्हा कोणालाच सांगता येईना, आणि ‘तपासून घेऊ’ एवढ्यावर ती ओळ हिरवी करण्यात आली.

ज्यांचे ते शेत होते, ते काका त्या वेळी बाहेरच्या बाकावर पहाणीचा (कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा) उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सकाळी दहापासून बसले होते. ‘नंबर माझा हाय की ओ यात, जरा बघा की,’ एवढेच ते म्हणत होते. तीन वाजता मी नंबर शोधून काढला. तेव्हा ध्यानात आले की उताऱ्यावरचे २ एकर १५ गुंठे आमच्या यादीत २.१५ एकर झाले आहेत. एकराचे गुंठे चाळीस असतात हे ज्याला माहीत नाही, अशा कोणीतरी मध्ये दशांशचिन्ह ठोकले होते. १५ गुंठे म्हणजे ०.३७५ एकर, ०.१५ एकर म्हणजे अवघे सहा गुंठे. नऊ गुंठे एका टिंबात गेले. मग मी बाकीची यादी पाहिली. २ एकर ३० गुंठे आणि १ एकर २० गुंठे यांची बेरीज ३.५० मांडली होती. ती ४ एकर १० गुंठे, म्हणजे सव्वाचार एकर भरते. तीस गुंठे गडप, आणि खाली बेरजेच्या चौकटीला गडद हिरवा रंग!

यादी उताऱ्यांशी ताडलेली नाही, हे मी आधी तीनदा लेखी कळवले होते. पहाण्यांच्या प्रती मागितल्या, तर ‘आहे त्यावर करा, सादरीकरण उद्या आहे’ असे उत्तर मिळाले. राष्ट्रीय महामार्ग कायदा जमीन जाणाऱ्या माणसाला हरकतीसाठी २१ दिवस देतो. आपल्याला कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करायला अर्धे मिनिट सापडत नाही? कसली डोंबलाची प्रगती मोजतो आहोत आपण? टक्केवारीला दोन रंग कमी पडले तर रात्री अकराला फोन येतो, आणि माणसाचे नऊ गुंठे भाताचे शेत नाहीसे झाले तर ‘टायपिंग मिस्टेक’? आणि दोष एक्सेलचा नाही, आपला आहे, माझाही आहे. बैठकीत मी कोपऱ्यात बसून मान डोलावली. तेव्हा फाइल उघडा. सर्वे आणि हिस्सा वेगळ्या कॉलमांत घ्या, एकर आणि गुंठेही वेगळ्या कॉलमांत घ्या, आणि एकेक ओळ उताऱ्याशी ताडून पाहा. तो हिरवा रंग आधी पुसा. काका गुरुवारी पुन्हा येणार आहेत. त्यांना बाकावर बसवू नका, आत बोलवा.