मोठ्या माणसांना जिराफ कशाला शिकवता?

नवशिक्यांसाठी निघालेलं इंग्रजीचं कुठलंही पुस्तक उघडा. आधी फळं, मग प्राणी, मग रंग, मग आठवड्याचे वार. पहिलीतल्या पोराला ते ठीक आहे. पण पस्तिशी उलटलेली बाई गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर किंवा मोरजीच्या एखाद्या हॉटेलात हाउसकीपिंगला लागते, तिला जिराफाचं स्पेलिंग पाठ करायला लावून कोणाचं भलं होतं? जिराफ आमच्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयातसुद्धा नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या पेडणे तालुक्यात सध्या प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी इंग्रजीच्या मागे लागलंय. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली, आजूबाजूला हॉटेलं वाढली, आणि शेताबागायतीत राबणाऱ्या घरांतल्या मुली-सुना नोकरीला बाहेर पडल्या. त्यातल्या काहीजणी संध्याकाळी माझ्याकडे येतात. क्लास वगैरे म्हणण्यासारखं काही नाही. देवळाच्या मंडपात चटई टाकून बसतो, पावसात वाचनालयात.

यातल्या एकीला ड्यूटीवर असताना रिसेप्शनला फोन करायचा होता. खोलीतला नळ गळत होता. फोन कानाला लावून ती नुसती उभी राहिली, शेवटी दुसऱ्या पोरीच्या हातात दिला. मला सांगताना म्हणाली, "बाय, माका इंग्लिश येनाच गे." मी म्हटलं, थांब, मोजूया. टॅप येतं? येतं. लिकेज? ते तर घरच्या टाकीमुळे तोंडपाठ. रूम नंबर येतो, प्लंबर येतो, प्लीज येतं. नव्हता तो फक्त 'सेन्ड'. त्या एका क्रियापदापायी बाईने स्वतःला अडाणी ठरवून टाकलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठी माणसाच्या तोंडात इंग्रजी नामं शेकड्यांनी आधीच बसलेली आहेत. चार्जर, सिलिंडर, रिपोर्ट, टॉवेल, बेडशीट, पगाराची स्लिप. ती पुन्हा चित्रं दाखवून शिकवणं म्हणजे वेळ आणि फी दोन्ही वाया. कमी पडतात ती क्रियापदं आणि बारके शब्द: गिव्ह, टेक, ब्रिंग, पुट, कीप, वेट, चेंज, शिवाय बिफोर, आफ्टर, अंडर, विदाउट, नॉट येट. 'नॉट येट' येत नसलं की बाई नुसतं 'नो' म्हणते, आणि साहेबाला वाटतं ही कामालाच नाही म्हणतेय.

थोडे शब्द शिकवून भागवायची कल्पना जुनीच. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं. सगळे मिळून ८५० शब्द, त्यांत ६०० नामं आणि क्रियापदं जेमतेम १८. कागदावर फारच सुटसुटीत. पण त्या अठरांवर गाडा ओढायचा म्हणजे गेट अप, गेट ओव्हर, पुट ऑफ, पुट अप विथ अशा जोड्या आल्या, आणि आमच्या बायकांचा जीव नेमका तिथेच जातो. त्यापेक्षा 'वेट' आणि 'क्लीन' सरळ शिकवलेले बरे. मायकेल वेस्ट यांची १९५३ ची सुमारे २००० शब्दांची यादी मला अधिक पटते. लेखी इंग्रजीत कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते मोजून ती केली, आणि वेस्ट स्वतः ढाक्यात बंगाली मुलांच्या इंग्रजीसाठी खपलेला माणूस. तरीही यादी ती यादीच. तिचा क्रम बाईच्या दिवसावरून लागला पाहिजे. सकाळी कामावर पोचल्यापासून घरी येईपर्यंत तिच्या कानावर काय पडतं, तिला काय सांगावं लागतं, ते आधी.

खरा घोळ मात्र आकड्यांत आहे, आणि तिकडे कोणी बघत नाही. आपण सेहेचाळीस म्हणताना सहा आधी म्हणतो, चाळीस मागून. इंग्रजीत फोर्टी आधी. म्हणून ऐकून लिहिताना ४६ चे ६४ होतात आणि टॉवेल भलत्याच खोलीत जातात. थर्टीन–थर्टी, फिफ्टीन–फिफ्टी हा दुसरा सापळा. यात शेवटचा 'न' ऐकायला जाऊ नका, तो बोलताना गिळला जातो. जोर कुठे पडतो ते ऐका: फिफ्टीनमध्ये 'टीन'वर, फिफ्टीमध्ये 'फिफ्'वर. वेळेचं म्हणाल तर हाफ पास्ट, क्वार्टर टू वगैरे नंतर बघू. साडेसात म्हणजे सेव्हन थर्टी, पावणेआठ म्हणजे सेव्हन फोर्टीफाइव्ह, जगाला कळतं.

हे पुस्तकाशिवाय शिकलेली माणसं बघायची असतील तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा. मिरच्या-केळी घेऊन बसलेली एक म्हातारी मी एका गोऱ्या जोडप्याशी बोलताना ऐकली. "धिस फिफ्टी. धिस एटी. टू टेक, आय गिव्ह लेस." व्याकरणाची मास्तरीण डोक्याला हात लावेल. पण आकडे चोख, क्रियापदं दोनच आणि दोन्ही कामाची, बोलताना नजर गिऱ्हाइकावर. दोन फण्या खपल्या, आणि कमी किती केले ते विचाराल तर काहीच नाही.

स्पेलिंगबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. पहिले काही महिने स्पेलिंगला हातच लावू नये. वहीत खुशाल देवनागरीत लिहा. एका ओळखीच्या शिक्षकांनी यावरून माझ्याशी वाद घातला, म्हणे वाईट सवय लागते. मला उलट वाटतं. शिप आणि शीप यांतला फरक देवनागरी एका वेलांटीत दाखवते, तो रोमन अक्षरांतून समजावताना शिकवणाऱ्याला घाम फुटतो. देवनागरी कमी पडते ती 'व'ला. व्हॅन आणि वॉटर यांचे व लिहिताना वेगळे दाखवले तरी उच्चार ऐकूनच घ्यावे लागतात. आणि नुसते सुटे शब्द लिहू नका. 'की' लिहायचं तर 'गिव्ह मी द की' असं सबंध लिहा, तीनदा मोठ्याने म्हणा, दोन दिवसांनी पुन्हा काढून बघा.

आता कोणी विचारेल, तुम्ही मराठीवाले, मग इंग्रजीचा एवढा पुळका कसा? गोव्यात हा प्रश्न येतोच. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत आमच्या घरची माणसं होती, आणि पहिली ते चौथी मातृभाषेत हेच मला आजही योग्य वाटतं. पण पुढचंही बोलू. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर पाचवीत गेलं की आमच्याकडे वर्षानुवर्षं एकदम इंग्रजी माध्यम. गणित तेच, विज्ञान तेच, पण अ‍ॅड, सबट्रॅक्ट, फाइंड, एक्सप्लेन, ड्रॉ हे प्रश्नातले शब्द कोणी वेगळे बसून शिकवलेले नसतात. हुशार पोर त्या वर्षी मागच्या बाकावर गेलेलं मी कितीदा पाहिलंय. इथेही अडलं ते क्रियापदांवरच. चौथीच्या सुट्टीत असे चाळीस-पन्नास शब्द उदाहरणांसकट घोटून घेतले तर मुलाची पाचवी सुधारेल, आणि त्यासाठी पहिलीपासून माध्यम बदलायची गरज नाही.

सध्या आमच्या मंडपात दवाखान्यातले इंग्रजी शब्द चालू आहेत. डॉक्टर कोकणीत बोलतात, पण कागद इंग्रजीत. बिफोर फूड, आफ्टर फूड, फास्टिंग, ट्वाइस डेली, शेक वेल. बायकांनी घरातली औषधांची पाकिटं आणि बाटल्याच उचलून आणल्या होत्या. एकीच्या सासऱ्यांची गोळी बिफोर फूड निघाली, आणि ते ती रोज पेजेनंतर घेत होते. तिने तिथूनच घरी फोन लावला.