दूरदर्शन तोट्यात, पण कुणामुळे?

आकाशवाणी-दूरदर्शनचा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर आमच्या मामांचं ठरलेलं वाक्य येतं: ‘तोट्यातलं दुकान आहे, टाळं ठोका.’ त्यावर मावसभाऊ मला डिवचतो, ‘मग तुमच्या जर्मनीसारखी घरटी प्रसारण-फी लावा!’ ती फी मी इथे स्टुटगार्टमध्ये भरतो, त्यामुळे दोघांनाही थोडं उत्तर देणं लागतो.

इथे नव्या घराचा पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसांत पत्रपेटीत एक पत्र पडतं. घरात टीव्ही आहे का, रेडिओ आहे का, हा प्रश्नच नसतो. घर आहे ना, मग महिना 18.36 युरो, तीन महिन्यांचे 55.08 एकदम खात्यातून वळते होतात. 2013 पासून हा हिशेब दर घरामागे आहे. एका फ्लॅटमध्ये चार विद्यार्थी असतील तर एकाने भरायचे, बाकीच्यांनी त्याचा फी-खात्याचा क्रमांक कळवायचा. नव्याने आलेली आपली मुलं हे पत्र फसवणूक समजून टाकून देतात आणि मग थकबाकीसकट भरतात. सामाजिक भत्त्यावर जगणाऱ्याला माफी मिळते, पण त्याच्या जरा वर कमावणाऱ्याला बंगलेवाल्याइतकीच फी. हे मला आजही पटत नाही.

पटतं ते दुसरं. किती पैसे लागतील हे 16 तज्ज्ञांचा आयोग हिशेब तपासून सांगतो आणि 16 राज्यांच्या विधानसभा त्यावर शिक्कामोर्तब करतात. थैली केंद्रातल्या अर्थमंत्र्याच्या हाती नसतेच. 2020 च्या अखेरीस जाक्सन-आनहाल्ट या एकट्या राज्याने 86 सेंटांची वाढ अडवून धरली, तर पुढच्या वर्षी घटनात्मक न्यायालयाने ती लागू केली. पुढे आयोगाने 2025 पासून महिना 18.94 युरो सुचवले, राज्यांनी वेळेत होकार दिला नाही, आणि एआरडी व झेडडीएफ या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्था पुन्हा न्यायालयात गेल्या. भांडणं भरपूर, पण सगळी चव्हाट्यावर.

आपल्याकडे फी काही नवी नाही. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तिकेत तिकिटं चिकटवून आणणारी पिढी अजून आहे, मामा त्यातलेच. 1980 च्या दशकात ती फी गेली. तोवर जाहिराती आल्या होत्या: विविध भारतीवर 1967 मध्ये, त्याही सर्वांत आधी मुंबई, पुणे, नागपूरला, आणि दूरदर्शनवर 1976 मध्ये. 1990 चा प्रसार भारती कायदा आणि 1997 मध्ये अस्तित्वात आलेलं, आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारं प्रसार भारती महामंडळ, एवढं होऊनही पगार मुख्यतः सरकारी अनुदानातून आणि यंत्रसामग्री सरकारी योजनेतून. जानेवारी 2023 मधली आधुनिकीकरणाची 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली कुणी? केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने. रक्कम लहान नाही. पण ती मागावी लागते, आणि मागणाऱ्याने बातम्या कशा द्याव्यात हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. ओरड झाली, मंत्र्यांनी लक्ष घातलं, निर्णय थांबला. माझ्या पुणेकर मित्रांना हा विजय वाटला. मला धास्ती वाटली, कारण उद्या दुसरे मंत्री दुसरं काही ठरवू शकतात.

आणि मामा, दुकान तोट्यात आहे म्हणता, तर डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेकडे बघा. महिन्याचं भाडं नसलेली ती छत्री गावोगाव पत्र्यांवर दिसते. त्या घरांत पोचायला खासगी वाहिन्या तिथल्या जागांच्या लिलावात कोट्यवधी रुपये मोजतात. म्हणजे गल्ला आहे! मावसभावाची जर्मन फी नकोच. शेतमजुराच्या आणि टॉवरवाल्याच्या घराला सारखी फी लावणं आपल्याकडे निव्वळ अन्याय ठरेल. त्यापेक्षा लिलावाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा स्थानिक केंद्रांसाठी कायद्यानेच बांधून द्यावा, आणि वाटप मंत्रालयाबाहेरच्या, हिशेब जाहीर करणाऱ्या आयोगाकडे असावं. पाच वर्षांची रक्कम आधी कळली, तर जळगाव किंवा रत्नागिरीच्या केंद्राला आपले नैमित्तिक उद्घोषक पुढच्या वर्षी ठेवता येतील की नाही, हे दिल्लीच्या पत्राची वाट न बघता ठरवता येईल.