‘केमिस्ट्री घेतली की शिक्षकी नाहीतर पॅकिंग’: हे खरं नाही

बारावीचा निकाल लागला की गोव्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘बीएस्सी केमिस्ट्री केली तर एकतर शिक्षक व्हा, नाहीतर वेर्ण्याला पॅकिंग करा. एमएस्सी नसेल तर कुणी विचारत नाही.’ असं वाचून चांगली मुलं हा विषय सोडतात, म्हणून हे उत्तर.

आधी पॅकिंग. वेर्णा, पिळर्ण, कोलवाळच्या औषध कारखान्यांत केमिस्ट्रीवाल्याची जागा क्यूसीच्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये असते. तिथे हाताचं काम येतं का, ते बघतात. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) चालवल्यावर कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाने धुतला तर? क्षार आतच साकळतात, दाब चढतो आणि महागडा कॉलम वाया जातो. म्हणून आधी 90 भाग पाणी आणि 10 भाग अ‍ॅसिटोनायट्राइल सोडून बफर पुरता काढायचा, मग अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवायचं. बफरचा पीएचही (आम्लतेचं माप) त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळण्याआधीच लावायचा, कारण नंतर मीटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. नोंदवहीत चूक झाली तर एकच रेघ, सही, तारीख. व्हाइटनर चालत नाही. जर्नलमध्ये ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या नळीची) रीडिंग ‘जुळवून’ लिहायची कॉलेजातली सवय इथे नोकरीवर बेतते. मुलं मागे पडतात ती इथे, आणि यात पदवीचा दोष नाही.

एमएस्सीचं म्हणणं अर्धंच खरं. औषध नियम 1945 मधला नियम 71 वाचा. केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन पदवी आणि त्यानंतर औषधनिर्मितीचा किमान 3 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असला, की उत्पादनावर देखरेख करणारा तांत्रिक माणूस म्हणून बीएस्सीवालाही पात्र ठरतो. अनुभव मात्र निर्मितीतला लागतो, तेव्हा नोकरी धरताना विभाग विचारून घ्या. एमएस्सी लागते ती दुसरीकडे. केमिस्ट्रीतून सरकारमान्य अन्न विश्लेषक व्हायचं तर ती हवी, वर अन्न तपासणीचा 3 वर्षांचा अनुभव आणि परीक्षा. संशोधनाकडे वळायचं तरी बहुधा एमएस्सी लागते. आयआयटीत एमएस्सीला प्रवेश घ्यायला जॅम ही परीक्षा आहे, 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण.

शिक्षकीला नावं ठेवायचं तर काहीच कारण नाही. बीएड करून शाळेत नीट रसायन शिकवणारी माणसं आपल्याला हवीच आहेत.

आणि ‘दोनच वाटा’ म्हणणारे पाणी विसरतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या सांडपाणी प्रकल्पांतलं पाणी कुणाला तरी तपासावं लागतंच. आपल्याकडे बीओडीची (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्या मापाची) बाटली 27 अंश सेल्सिअसला, अंधारात, 3 दिवस ठेवतात. प्रक्रियेत क्लोरीन घातलेला असेल तर तो आधी सोडियम सल्फाइटने घालवून नमुन्यात पुन्हा जिवाणू सोडावे लागतात. हे राहिलं, तर बाटलीतले जिवाणू मरतात, ऑक्सिजन कुणी वापरतच नाही, बीओडी खोटाच कमी येतो आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरून खाडीत जातं.