म्हणे ओरिजिनल गायिका!

काल रात्री मित्राच्या घरी बसलो होतो. पाऊस, कांदाभजी, चाळिशी उलटलेले सहा बाप्ये आणि एक ब्लूटूथ स्पीकर. म्हणजे वाद होणारच होता. हूव्हरफॉनिक या बेल्जियन बँडचं 'मॅड अबाउट यू' लागलं आणि आमच्यातला एक (बँकेत आहे, एरवी शहाणा आहे) डोळे मिटून म्हणाला, "ही ओरिजिनल. नंतर आल्या त्या सगळ्या डुप्लिकेट." त्यावर दुसरा म्हणाला, "गायिका काय रे, येतात नि जातात. डोकं तर तेच आहे ना!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि झोपेचं खोबरं झालं. आत्ता पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि मी हे टाइप करतोय.

पहिलं म्हणजे, ती ओरिजिनल नाही! 'मॅड अबाउट यू' गाणारी गेइके आर्नार्ट ही स्वतःच बदली म्हणून आलेली मुलगी. (बेल्जियन उच्चार मला जमत नाहीत, सांभाळून घ्या.) १९९६ साली या बँडचा पहिला अल्बम आला तेव्हा गात होती लीशे सॅडोनियस. आयझॅक हेजच्या जुन्या रेकॉर्डचा तुकडा घेऊन बांधलेलं ते 'टू विकी', जे बर्तोलुचीच्या 'स्टीलिंग ब्यूटी' सिनेमात वाजलं, ते लीशेचं. त्या अल्बमनंतर ती गेली आणि १९९७मध्ये गेइके आली, तेव्हा ती जेमतेम अठराची. म्हणजे तुमची 'ओरिजिनल' ही मुळात दुसरी. आपण कॉलेजात असताना जी ऐकली ती ओरिजिनल, असा हिशोब आहे सगळा.

आणि त्याच वर्षांत आमचाही एक बँड होता. नाव सांगत नाही, लाज वाटते. साल २००२, इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, चार मुलगे आणि गायला एक मुलगी. सदाशिव पेठेत ड्रमरच्या घरी गच्चीवर पत्र्याची खोली होती, तिथे दर गुरुवारी तालीम. मी कीबोर्ड वाजवायचो, तोही मावसभावाकडून उसना आणलेला. ड्रमरची आजी आठ वाजले की खालून काठी आपटायची. त्या मुलीचं पुढे येईलच.

तर हूव्हरफॉनिक. दहाएक वर्षं गेइके गायली. २००८मध्ये स्वतःचं काही करायचं म्हणून बाहेर पडली. २०१०मध्ये नोएमी वुल्फ्स आली, २०१५मध्ये गेली. २०१६चा अल्बम वेगवेगळ्या गळ्यांचा, त्यात पुरुषही. २०१८मध्ये लुका क्रॉइसबर्ग्स आली. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत जिंकलेली कोवळी पोर. तिला घेऊन हे लोक २०२०च्या युरोव्हिजनला, म्हणजे देशादेशांच्या गाण्याच्या स्पर्धेला, निघाले, कोरोनाने स्पर्धाच रद्द झाली. पुढच्या वर्षीही बेल्जियमतर्फे हाच बँड जाणार हे ठरलेलं. आणि नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर काय झालं? गेइके परत येतेय. लुका बाहेर. २०२१ला रॉटरडॅमच्या स्टेजवर गेइके उभी राहिली, नंबर आला एकोणिसावा.

मी तेव्हा काय केलं? नाचलो. खरंच. 'आपली गेइके आली' असं इथेच लिहिलं होतं, जुन्या पोस्टमध्ये सापडेल. लुकाचं काय झालं असेल, हा विचार शिवलासुद्धा नाही.

आता ते 'डोकं'. ॲलेक्स कॅलिए आणि रेमंड गीर्ट्स, बास आणि गिटार, १९९५पासून तेच दोघे. गाणी बांधण्याचं मुख्य काम कॅलिएचं. मग नाद बदलला तर बिल कुणाच्या नावावर फाडायचं? पहिल्या अल्बमात सॅम्पल्स (जुन्या रेकॉर्डचे तुकडे) आणि धुक्यासारखा संथ ठेका. २०००च्या 'द मॅग्निफिसंट ट्री'पर्यंत व्हायोलिनांचा ताफा आला. २००२ला एका काल्पनिक गायिकेची अख्खी गोष्ट सांगणारा अल्बम. २००५ला तीच गाणी दोन सीड्यांवर दोन तऱ्हांनी. २००७ला साठच्या दशकातल्या नशिल्या गिटारी. या सगळ्या काळात गळा एकच, गेइकेचा! ट्रिप-हॉप, म्हणजे तो सॅम्पल्सचा संथ ठेका, सुटलं ते तिच्याच काळात आणि शिव्या खाल्ल्या नोएमीने. का, तर ती आली तेव्हा आपलं लक्ष गेलं. २०१२मध्ये ऑर्केस्ट्रासोबत नोएमीने 'मॅड अबाउट यू' गायलंय, काल मी लावायला गेलो तर अर्ध्या मिनिटात बंद करायला लावलं मला. अरे, ऐका तरी!

चिडचिड झाली ती यामुळे. आपल्या मराठीत गळ्यालाही आवाज म्हणतात आणि स्पीकरमधून येतं त्यालाही आवाजच. त्यामुळे 'बँडचा आवाज बिघडला' म्हणताना आपण कुणावर खापर फोडतोय हे कळतही नाही.

आमच्याकडेही तेच झालं. त्या मुलीचा गळा भारदस्त, खालच्या पट्टीतला. घरी गाणं होतं, सूर पक्का. आम्हाला मात्र काहीतरी 'हेवी' हवं होतं. दुसऱ्या कॉलेजातली एक मुलगी मिळाली, स्टेजवर बरी दिसायची, तिला घ्यायचं ठरलं. आता हे पहिलीला सांगणार कोण? कुणीच नाही. आम्ही तालमीचा वार बदलला. गुरुवारचा मंगळवार केला. झालं काम.

हो, मान्य आहे, गायक बदलणं म्हणजे दरवेळी अन्याय नाही. मॅसिव्ह अटॅक या बँडचा संसारच पाहुण्यांवर चालतो. शारा नेल्सन, ट्रेसी थॉर्न, एलिझाबेथ फ्रेझर, शिनेड ओ'कॉनर. होरेस अँडी तर पाचही अल्बमांत आहे. पण तिथे येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की आपण पाहुणे. आणि गेइके स्वतः सोडून गेली होती, तेही खरं.

पण स्नीकर पिंप्स हा बँड घ्या. १९९६चा अल्बम 'बिकमिंग एक्स', त्यातलं 'सिक्स अंडरग्राउंड' हे गाणं घराघरात नेलं केली डेटनच्या गळ्याने. पुढच्या अल्बमची कच्ची रेकॉर्डिंग्ज बँडमधल्याच ख्रिस कॉर्नरच्या आवाजात झाली, तीच बरी वाटली, आणि केलीला नारळ! १९९९चा 'स्प्लिंटर' छान आहे, च्यायला, तोच तर त्रास आहे. फडतूस असता तर सोपं गेलं असतं. मोर्चीबा या बँडने २००३मध्ये गायिका स्काय एडवर्ड्सशी फारकत घेतली, दुसरी आणली, मग पाहुण्या आणल्या, आणि २०१०मध्ये पुन्हा स्कायकडेच. म्हणजे डोकं तेच असून भागलं नाही ना शेवटी?

बँडच्या नावाचा सातबारा कायम यंत्रं वाजवणाऱ्या पुरुषांच्या नावे. गाणारी म्हणजे कूळ.

इतकं जोरात लिहिलं खरं, पण मी कुठल्या तोंडाने बोलतोय.

त्या गुरुवारी ती आली होती. तीन जिने चढून. पत्र्याच्या खोलीला कुलूप. खाली आली तर आजीने सांगितलं, "अगं, मुलं आता मंगळवारी येतात, तुला नाही का बोलली?" आजीने तिला बसवलं, कोकम सरबत दिलं. आम्हाला वाटलं होतं आजीला काही कळत नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही जिना चढताना आजी दारात उभी. "ती पोरगी तासभर बसली होती," एवढंच म्हणाली. त्या दिवशी आठ वाजून गेले तरी काठी आपटली नाही. मला ते काठीपेक्षा जास्त लागलं.

आणि आमच्या तीन स्वतःच्या गाण्यांपैकी एकाची चाल तिची होती. गॅदरिंगला ती आम्ही दुसरीकडून गाऊन घेतली. टाळ्या पडल्या.

मंगळवारची आयडिया माझी होती. 'गायिका बदलली तरी चालतं, डोकं तर तेच आहे' हे वाक्यही त्या खोलीत मीच बोललो होतो, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, उसन्या कीबोर्डमागे बसून. काल मित्र ते बोलला तेव्हा त्याला ते आठवत नसणार. ड्रमर तोच होता आमचा.

ती या फ्रेंडलिस्टमध्ये नाही. मी शोधलंही नाही कधी. त्या चालीतला मुखडा अजून येतो मला, अंतऱ्याची दुसरी ओळ काही केल्या आठवत नाही. आजी गेल्या, नाहीतर त्यांना आठवली असती. खालून सगळं ऐकू जायचं त्यांना.

असो. सहा वाजून गेले, दूधवाला आला. हेडफोनवर हूव्हरफॉनिकचा पहिला अल्बम लावलाय, लीशेचा. सुरुवातीची दोन गाणी संपली तरी मी तिच्यात गेइकेच शोधतोय.