मी कॅमेऱ्यात बघत नाही म्हणजे मी कॉपी करत नाही

ऑनलाइन कॉलेज म्हणजे ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, माणसांसाठी वरदान, हे वाक्य यापुढे माझ्यासमोर कोणी उच्चारू नका. आधी एकदा त्या ऑनलाइन परीक्षेला बसून बघा, जिथे कॅमेऱ्यातून एक सॉफ्टवेअर तुमच्यावर नजर ठेवतं. दार बंद, टेबल मोकळं, आधार कार्ड कॅमेऱ्याला दाखवून झालेलं, लॅपटॉप गोल फिरवून खोलीच्या चारही भिंती आणि टेबलाखालची फरशी दाखवून झालेली. आणि मग तीन तास समोर तोंड करून बसायचं. मान वळली की सूचना. ओठ हलले की सूचना. हात चौकटीबाहेर गेला की सूचना. किती सूचनांनंतर पेपर बंद होणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

मी ऑटिस्टिक आहे. वय 31. पुण्यात धायरीत राहते, दिवसा एका छोट्या फर्मची जीएसटी रिटर्न भरते आणि उरलेल्या वेळात बी.कॉम. करते. विशीत कॉलेज अर्धवट सोडलं होतं. गच्च भरलेला वर्ग, ट्यूबलाइटची सततची गुणगुण, बाक सरकवण्याचे आवाज, आणि एकाच वेळी चार बाजूंनी बोलणारी माणसं. घरी आल्यावर संध्याकाळभर तोंडातून शब्द फुटायचा नाही. तेव्हा सगळे म्हणायचे, पोरगी आळशी आहे, माणूसघाणी आहे. ऑटिझमचं निदान झालं ते तिशी जवळ आल्यावर. त्यानंतर वाटलं, आता ऑनलाइन शिकू. 2022 पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची ठरवली आहे, तेव्हा नातेवाइकांच्या 'त्या डिग्रीला कोण विचारतं'लाही उत्तर होतं. आपली खोली, आपला दिवा, हेडफोन, लेक्चर थांबवून पुन्हा ऐकायची सोय. अभ्यासासाठी मला एवढंच लागतं. खरंच एवढंच.

आणि अभ्यास होतो! हे मला ठासून सांगायचंय. मला बॅलन्स शीट कळते, मला कंपनी कायदा आवडतो, कुठलं कलम कुठे आहे हे मला तोंडपाठ असतं. अडचण विषयात कधीच आली नाही.

विचार करताना मी भिंतीकडे बघते. लहानपणापासून. समोर चेहरा असला, मग तो स्क्रीनच्या कोपऱ्यातला माझा स्वतःचा का असेना, की डोक्यातला हिशेब विस्कटतो. आकडेमोड करताना ओठ हलतात. डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लागत राहतात, आणि ती तशी लागत राहिली तरच मी जागेवर बसू शकते. ऑटिझम असलेल्या कित्येकांचं असंच असतं. कोणी झुलतं, कोणी पेन फिरवतं, कोणी कानाची पाळी ओढत राहतं. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी ही सगळी 'संशयास्पद हालचाल'.

गेल्या सेमिस्टरचा कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर. प्रोसेस कॉस्टिंगचं गणित, दुसऱ्या प्रोसेसमधला ॲबनॉर्मल लॉस काढायचा होता. एकूण खर्चातून नॉर्मल लॉसचं भंगारमूल्य वजा केलं, युनिट्समधून नॉर्मल लॉसची युनिट्स वजा केली, आता भागाकार करून दर काढायचा. मी वर भिंतीकडे बघितलं, कारण तो भागाकार मला भिंतीवरच दिसतो. तेवढ्यात उत्तराच्या चौकटीवर लाल पट्टी आली आणि पाठोपाठ हेडफोनमध्ये आवाज : "मॅडम, कॅमेऱ्यात बघा." आकडा गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा पट्टी. त्यानंतर मी कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि उत्तराकडे बघणं सोडून दिलं, कारण दोन्ही एकदम मला जमत नाही. येत असलेलं गणित अर्धं टाकून मी पुढे गेले. महिन्याभराने निकाल लागला तर माझ्या नावासमोर 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. कारण : परीक्षेतील गैरप्रकाराचा संशय.

गैरप्रकार! जीएसटीच्या रिटर्नमध्ये एका रुपयाचा फरक राहिला तरी मला रात्री झोप लागत नाही, आणि माझ्या नावासमोर हा शब्द.

चौकशी समिती व्हिडिओ कॉलवर. मी आधीच मेल करून विचारलं होतं की लेखी उत्तर दिलं तर चालेल का, मला लिहून जास्त नीट सांगता येतं. उत्तर आलं, नियमात बसत नाही. मग कॉलवर तिघं जण, तिघंही अनोळखी, दोघं एकदम बोलणारे. त्यातल्या एका मॅडमनी विचारलं, "अगं, तू बोलताना खाली का बघतेस? खरं बोलणारा माणूस डोळ्यांत बघून बोलतो." मी सांगितलं, मला ऑटिझम आहे, प्रमाणपत्र अपलोड केलंय. त्यावर दुसरे सर : "घरी कोणी मोठं आहे का? बाबांना जरा फोन देतेस?" मी 31 वर्षांची आहे. माझी फी मी भरते, माझा इन्कम टॅक्स मी भरते, आणि माझ्या परीक्षेबद्दल बोलायला यांना माझे बाबा हवेत.

आता ते प्रमाणपत्र कसं मिळतं तेही ऐका. आपल्याकडे ऑटिझमची टक्केवारी ठरवायला 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 70 किंवा जास्त आली तर ऑटिझम. या 40 मुद्द्यांमधला अगदी पहिला मुद्दा कोणता आहे माहितीये? नजरेला नजर न देणं. पहिलाच! पुढे त्याच यादीत त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करणं हाही मुद्दा आहे. म्हणजे सरकारी रुग्णालयातले डॉक्टर मी नजरेला नजर देत नाही हे नोंदवून, सही-शिक्क्यासकट मला प्रमाणपत्र देतात, आणि कॉलेज नेमक्या त्याच गोष्टीवरून मला चोर ठरवतं. कागद त्यांच्याच पोर्टलवर पडलेला आहे. कोणी उघडून बघायची तसदीसुद्धा घेतलेली नाही.

पोर्टलचंही सांगते. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये दिव्यांगत्वाच्या रकान्यात पर्याय होते अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि 'लागू नाही'. संपलं. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता, हे खरं. पण 2016 साली नवा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात 21 प्रकार आहेत, ऑटिझम स्पष्ट शब्दांत आहे, आणि तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. पोर्टल बनवलं कोविडनंतर. ज्याने बनवलं त्याने कायदा वाचला नाही, ज्याने तपासलं त्याने वाचला नाही, आणि मी हेल्पडेस्कला कळवलं तर उत्तर आलं : 'कृपया सर्वांत जवळचा पर्याय निवडा.' कशाच्या जवळचा? मी अंधाच्या जवळची आहे की कर्णबधिराच्या?

त्याच कायद्याचं कलम 16 म्हणतं, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांत विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गरजेप्रमाणे वाजवी सोय मिळायला हवी. कलम 17 परीक्षापद्धतीत योग्य बदल करायला सांगतं. हे समितीपुढे मांडलं तर म्हणाले, तुम्हाला जादा वेळ हवा असेल तर तसा अर्ज करा. 3 तासांच्या पेपरला किमान 1 तास जादा, हा नियम मला माहीत आहे, ज्यांना तो वेळ लागतो त्यांना मिळायलाच हवा. पण मला जादा तास नकोय! मला मान हलवायची परवानगी हवीय. यांच्याकडे दिव्यांग म्हटलं की दोनच गोष्टी आहेत, लेखनिक आणि जादा वेळ. तिसरी काही गरज असू शकते हे डोक्यात शिरतच नाही. 11 फेब्रुवारी 2021 ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं असं नाकारता येणार नाही, आणि सोय ज्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे ठरवायची. एवढं सगळं लिहून ठेवलेलं असताना मी आमच्या कोऑर्डिनेटर सरांना ते समजावत बसायचं, आणि त्यांनी "बघतो, वर कळवतो" म्हणायचं.

परीक्षा तर एक झाली. रोजच्या वर्गातही कॅमेरा चालू असेल तरच अटेंडन्स. दोन तास स्वतःचा चेहरा 'लक्ष देतेय' असा ठेवायचा, की लक्ष द्यायला काही शिल्लक राहत नाही. कोणाचा तरी माइक चालू राहतो आणि कुकरच्या शिट्ट्या थेट कानात. लेक्चरचं रेकॉर्डिंग आठवड्याभरात काढून टाकतात, कारण विचारलं तर 'मुलं मग लाइव्ह बसत नाहीत'. अहो, मला लाइव्ह बसता येत नाही म्हणून तर मी ऑनलाइन आले! जुलैपासून गणपतीपर्यंत संध्याकाळी आमच्या मागच्या मैदानावर ढोल-ताशाचा सराव चालतो. त्या काळात माझ्यासाठी संध्याकाळचा लाइव्ह तास म्हणजे निव्वळ आवाज. रेकॉर्डिंग असतं तर पहाटे उठून ऐकलं असतं. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो की उद्याचा दहाचा तास आठला घेतलाय. गुरुवारी वीज जाते हे अख्ख्या पुण्याला माहीत आहे, तरी इंटर्नल टेस्ट गुरुवारी. ग्रुप प्रोजेक्टबद्दल बोलतच नाही.

लोक म्हणतात, कॉपी होतेच ना, मग कडक नको का? होते. मला मान्य आहे, आणि कॉपी करणाऱ्यांचा मला तुमच्याइतकाच राग येतो. पण ज्याला खरंच कॉपी करायची आहे तो कॅमेऱ्यात बघून करायला शिकतो. सापडतो कोण? ज्याला चेहरा सांभाळता येत नाही तो. पर्याय नाहीत का? माणूस बसवा पलीकडे आणि त्याला आधी सांगून ठेवा की ही मुलगी भिंतीकडे बघते, ओठ हलवते. पेपरानंतर दहा मिनिटं लेखी प्रश्न विचारा, गणित मी सोडवलंय की दुसऱ्या कोणी ते लगेच कळेल. केंद्रावर वेगळी छोटी खोली द्या, मी येईन, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून येईन. यातल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत. एक मेल वाचून 'ठीक आहे' म्हणावं लागतं.

माझा निकाल अडकून पडला होता त्याच आठवड्यात 2 एप्रिल आला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. कॉलेजच्या पेजवर निळं पोस्टर, हातात हात घातलेली लहान मुलं, खाली 'चला, स्वीकारूया'. ते बघून मला रडू आलं रागाने. पोस्टरवर नेहमी लहान मुलंच का? ती मुलं मोठी होतात. दहावीला बोर्डाने सवलत दिलेली असते, बारावी कशीबशी पार पडते, आणि अठराव्या वर्षानंतर जणू कोणी ऑटिस्टिक उरतच नाही. आम्ही आहोत. नोकऱ्या करतोय, पुन्हा शिकायला येतोय, आणि तुमच्याच पोर्टलवर आमच्यासाठी रकाना नाहीये.

मी कॉलेजचं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण चौकशी अजून चालू आहे. पण गप्प बसणार नाही. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, कलम 80 खाली अशा तक्रारीची चौकशी करायचे अधिकार त्यांना आहेत, आणि माझी तक्रार तिथे गेली आहे. लाल पट्टीच्या स्क्रीनशॉटसकट, हेल्पडेस्कच्या 'सर्वांत जवळचा पर्याय'वाल्या मेलसकट, 'इसा'च्या त्या पहिल्या मुद्द्याखाली रेघ मारून.

पुढचा पेपर ऑडिटिंगचा आहे. त्याच्याआधी मला दोन गोष्टी कॉलेजच्या लेटरहेडवर, सहीनिशी हव्यात : माझा अडकवलेला निकाल, आणि भिंतीकडे बघायची परवानगी. आणि हो, यावेळी फोन मला करा, बाबांना नको.