‘कुणाला वाईट वाटलं की तुरुंग’: हे कुठल्या करारात लिहिलंय?

एक संदेश सध्या जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मानवाधिकार कायद्यात अभिव्यक्तीवर कसलंच बंधन नाही, द्वेषभाषणाविरुद्धची मोहीम म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मागच्या दाराने आलेली सेन्सॉरशिप, आणि आता कुणाच्या भावना दुखावल्या, की बोलणारा आत.

‘बंधनच नाही’ हे साफ खोटं. नागरी आणि राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार पाहा. कलम १९ अभिव्यक्तीचा हक्क देतं आणि त्याच कलमात बंधनाच्या अटीही सांगतं: बंधन कायद्यानेच घातलेलं, ठरावीक कारणांपुरतं आणि खरोखर गरजेचं हवं. कलम २० पुढे जाऊन म्हणतं, की राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक द्वेषाचा प्रचार भेदभाव, शत्रुत्व किंवा हिंसेला चिथावणी देत असेल, तर त्याला कायद्याने मनाई हवी. अमेरिकेने १९९२ मध्ये करार स्वीकारताना या कलमाचं बंधन पूर्णपणे मानलं नाही. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा अमेरिकेचा कायदा तोच जगाचा कायदा धरलाय.

‘भावना दुखावल्या की गुन्हा’ हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. याच करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवाधिकार समितीने २०११ मध्ये स्पष्ट केलं, की कलम २० मधली चिथावणी नसेल तर निव्वळ धर्मनिंदेवर बंदी घालणारे कायदे कराराशी विसंगत आहेत. म्हणजे देवाधर्माची टिंगल झाली, एवढ्याने भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी तयार केलेल्या २०१२ च्या रबात कृती आराखड्याने फौजदारी कारवाईआधी तपासायच्या सहा गोष्टी दिल्या: परिस्थिती, बोलणारा कोण, त्याचा हेतू, मजकूर आणि त्याचं स्वरूप, तो किती दूर पोचला, आणि त्यातून नुकसान होण्याची शक्यता किती. ऐकणारा किती चिडला, हे त्या यादीत नाही.

कसोटी किती कडक असते, ते रवांडाच्या खटल्यात दिसतं. १९९४ च्या वंशसंहारात आरटीएलएम रेडिओचा हात होता, यावर दुमत नाही. तरी २००७ मध्ये रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाच्या अपील न्यायपीठाने काय केलं? ६ एप्रिल १९९४ पूर्वीच्या, म्हणजे वंशसंहार सुरू होण्याआधीच्या, प्रसारणांनी वांशिक द्वेष भडकवला हे मान्य केलं, पण त्यांनी वंशसंहाराची थेट चिथावणी दिली हे सिद्ध झालं नाही, असं ठरवलं. दोष टिकला तो नंतरच्या प्रसारणांवर. (हा गुन्हा कलम २० पेक्षा कितीतरी गंभीर, हे खरं, पण ‘वाईट वाटलं’पासून तो किती लांब आहे बघा.)

सेन्सॉरशिपचं म्हणाल, तर संयुक्त राष्ट्रांचा द्वेषभाषणाविरुद्धचा २०१९ चा कृती आराखडा हा करार नाही, त्याने कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, आणि द्वेषाला मुख्य उत्तर म्हणून तो जास्त बोलण्याचाच आग्रह धरतो. त्यातली द्वेषभाषणाची व्याख्या मात्र कलम २० पेक्षा बरीच ऐसपैस आहे, आणि सरकारं अशा सैल शब्दांचा फायदा टीकाकारांविरुद्ध घेतात. संदेशातली ही एक भीती खरी आहे.

पण त्यावर उपाय मानवाधिकार कायद्यातच सापडतो. डेन्मार्कमध्ये वर्णद्वेषी तरुणांची मुलाखत दाखवली म्हणून एका टीव्ही पत्रकाराला शिक्षा झाली होती. १९९४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवली. त्या तरुणांच्या वक्तव्यांना मात्र कसलंही संरक्षण नाही, हेही त्याच निकालात आहे.