काचेतून काच बघताना

काचेच्या म्युझियममध्ये आपण पेटीच्या काचेआडची काच चष्म्याच्या काचेतून न्याहाळतो आणि मोबाइलच्या काचेवर पकडायला बघतो. एवढ्या काचांत सर्वांत स्वच्छ दिसतं ते स्वतःचं पोट.

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला बेयकोझ इथे २०२१ मध्ये असं म्युझियम उघडलं, तेही जुन्या तबेल्यात! लाथांच्या जागी झुंबरं. सोमवारी बंद असतं. आत सॅक पोटावर घ्या. वळताना माणसाला स्वतःची रुंदी आठवते, सॅकची नाही.

फोटोसाठी फ्लॅश बंद, कपडे गडद. लेन्स पेटीला जवळजवळ टेकवून किंचित तिरकी धरा. लांबून, समोरून काढलात तर सुरईच्या पोटात मागचे काका उभे राहतात. बिनरंगी काचेवर फोकस ठरत नाही, कॅमेरा पेटीवरची बोटं टिपतो. म्हणून भांड्याच्या काठावर किंवा सोनेरी नक्षीवर टॅप करा.

सोनेरी नक्षी जरा अतीच आहे, हे माझं प्रामाणिक मत. खरा वेळ द्यावा तो ‘चेश्म-इ-बुल्बुल’ला, म्हणजे पिळाच्या निळ्या-पांढऱ्या रेघांच्या भांड्यांना. ऑटोमन सुलतान तिसऱ्या सेलीमने मेहमेद देदे या मेवलेवी (म्हणजे रूमीच्या सूफी पंथातल्या) दरवेशाला काचकाम शिकायला व्हेनिसला धाडलं आणि त्याने परतून बेयकोझला भट्टी घातली, असं सांगतात. रंगीत काचेच्या बारीक कांड्या साच्यात उभ्या लावून तापवायच्या, फुंकणीवरचा वितळलेला गोळा मध्ये उतरवायचा, कांड्या चिकटल्या की पुन्हा तापवून टोक चिमट्यात धरायचं आणि फुंकणी फिरवायची. लिहायला सोपं! कांडी गार राहिली तर तडकते. गोळा एका अंगाने जास्त तापला तर पीळ तिकडेच पळतो. रंगीत आणि साधी काच सारखी आकसली नाही, तर सगळं जमल्यावर, गार होताना चीर जाते. म्हणून भांडं साधारण ५०० अंशांवरून सावकाश निववतात.

आता दुकान. रेघेवरून नख फिरवा. अडखळलं तर रंग वरून फासलेला असू शकतो, कारण खऱ्या रेघा काचेतच मुरलेल्या असतात. घेतलंतच तर आधी पोकळीत मोजे कोंबा (धुतलेले), मान आणि कान वेगळे गुंडाळा, मग सबंध भांडं. नुसतं बाहेरून बांधलं की दाब मानेवर येतो आणि ती जाते. हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानतळावर ते पुन्हा उलगडायला लावतील, तेव्हा चिकटपट्टी जास्तीची घ्या. कात्री मात्र नको, ती तिथेच ठेवून घेतात.